उसनी स्टेपनी

जळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली, माझे टेबल फार वर्षांपासून आहे. मी अर्जनवीस. शाळेतील शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे मी या टेबलावर घेतले आणि ते महाविद्यालयातील शिक्षणाहून उणे आहे असे मला कधी वाटले नाही. वारसाची नोंद असो, बांधाचा तंटा असो, विहिरीवरील वीजजोडणीला झालेला विलंब असो, कोणतेही गाऱ्हाणे साहेबांची नजर थांबेल अशा शब्दांत मांडण्याची कला मला साधली आहे. एका नायब तहसीलदारांनी, मजकूर वाचताच लिहिणारा कोण ते कळते, असे माझ्यासमोर उद्गार काढले होते. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे जो प्रसंग लिहीत आहे त्यात या कलेचा काडीइतका उपयोग झाला नाही.

मला एक धाकटा भाऊ. धुळ्याच्या एका कापड गिरणीत तो फिटर होता. गिरणी बंद पडली तेव्हा सर्व कामगारांच्या वतीने मी अर्ज लिहिले. कामगार खात्याला लिहिले, मंत्रालयाला लिहिले, एक तर थेट दिल्लीला लिहिला. प्रत्येकाची पोच आली. प्रकरण विचाराधीन असल्याचे कळविण्यात आले. भोंगा मात्र वाजला नाही. अखेर भाऊ आपले बिऱ्हाड मोडून जळगावातच मेहरूणला माझ्या घरी राहावयास आला. त्याचे लग्न झालेले नव्हते. गिरणी सुरू होईल तेव्हा पाहू, असे तो म्हणत असे.

घरी आल्यावर तो बोलेनासा झाला. सकाळी उठून मेहरूण तलावाकडे जाई आणि चपला बाजूला काढून काठावर बसून राही. त्या काढून ठेवलेल्या चपलांची मला धास्ती वाटू लागली. एका सकाळी मी मागोमाग गेलो आणि बाभळीआड उभा राहिलो. त्याने मान न वळवता मला ओळखले.

"भाऊ, घाबरू नको. पानी थंड शे. मी काय उतरस नही."

मी त्याला काही विचारलेले नव्हते. त्याने आपण होऊन असे उत्तर द्यावे याचा अर्थ मला कळला, आणि त्या दिवसापासून कचेरीत बसूनही माझे लक्ष तलावाकडे असे.

त्याला परत आणले ते एका गाडीने. भंगारातून त्याने जुन्या टॅक्सीचा सांगाडा आणला आणि त्यात अपघात झालेल्या एका परदेशी गाडीचे मोठे पेट्रोल इंजिन बसवावयास घेतले. इंजिन सांगाड्यात मावत नव्हते. त्याने पुढचा पत्रा कापला, इंजिन टेकायला नवे पाय जोडले, गिरणीतल्या हत्यारांनी दांडे घडविले. या कामात तो पुन्हा जेवू लागला, शेजाऱ्यांशी भांडू लागला, माझ्या पत्नीला "वहिनी, चहा टाका ना" असे ओरडून सांगू लागला. इंजिन प्रथम सुरू झाले त्या दिवशी आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरली. मी समाधानाने त्याला विचारले, "किती ताकद आहे हिच्यात?" तो म्हणाला, "गरजेपेक्षा जास्त." त्या वेळी मला ही प्रशंसाच वाटली.

गाडी जळगाव ते धुळे अशी सवाऱ्यांवर चालू लागली. मागे-पुढे मिळून आठ माणसे कोंबली तरी पारोळ्याचा चढ ती दम न खाता काढी. परंतु धुळ्याच्या टॅक्सीथांब्यावर नवीन गाडीसाठी एकच जागा होती, आणि तिच्यावर हक्क सांगणारी गाडी दुसरीही होती. तिचा चालक धुळ्याचाच मुसलमान गृहस्थ होता. वयाने माझ्याएवढा, शांत, दाढीला मेंदी लावणारा. त्याच्या गाडीचा सांगाडा भावाच्या गाडीसारखाच होता, इंजिन मात्र मूळचे, साधे. थांब्यावर रोज वाद होऊ लागला. जुन्या चालकांपैकी कोणी एके दिवशी थट्टेने म्हणाले की, एवढी ताकद आहे तर पळवून दाखवा. जो पुढे जाईल त्याची जागा, मागे राहील त्याने ही जळगाव-धुळ्याची लाईन सोडायची. थट्टेला दोघांनीही होकार दिला आणि मग ती थट्टा राहिली नाही.

भावाने हे मला सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तलावाचा काठ आला. लाईन गेली तर हा माणूस पुन्हा त्या चपला काढून बसणार, यात मला शंका उरली नाही. मी त्याला परावृत्त करण्याचा पुष्कळ यत्न केला. कायदा सांगितला, वाहन परवान्याच्या अटी सांगितल्या. त्याने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, "भाऊ, तू फक्त अटी ठरवी दे. तुनं सगळे ऐकतीन."

तेव्हा अटी मी ठरविल्या आणि दोन्ही बाजूंनी त्या मान्य केल्या. पारोळ्याच्या अलीकडचा सरळ रस्ता. मैलाच्या दगडापासून नाल्यावरील मोरीपर्यंत. तीन फेरे, ज्याचे दोन त्याची जागा. रोज ज्या टायरांवर सवाऱ्या वाहतो त्याच टायरांवर पळावे, शर्यतीपुरते नवे आणू नयेत. गाडीत चालकाखेरीज एकही माणूस असू नये, म्हणजे काही विपरीत घडलेच तर ते दोन जीवांपुरते राहील. ही शेवटची अट घालताना माझा हात थांबला होता. दोन जीवांपैकी एक माझा होता.

आदल्या दिवशी धरणगावहून आमचे मामा आले. मामांनी तरुणपणी शंकरपटात बैल पळविले होते. त्यांच्या जोडीची कीर्ती पंचक्रोशीत होती, आणि पळणाऱ्या कोणत्याही वस्तूविषयी शेवटचा शब्द आपला, असे ते धरून चालत. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, दरवाजे उघडले, मागच्या आसनावर थापट मारली.

"हाई बठ्ठं काढी टाक," आतल्या सगळ्या सामानाकडे बोट दाखवून ते म्हणाले.

"काबर, मामा?"

"छकडी हलकी, ते पट आपला. पटले जाताना आम्ही धोतरसुद्धा खोची लेऊत, वारा लागाले नको म्हनीसन. आनि तू सोफा घालीसन पळशी?"

"मामा, हाई बैल नही शे."

"मंग काय शे? पळस ना?"

 मामांचे बोलणे सर्वथा तर्काला धरून होते. पळणारा हलका असावा यात कोणाला शंका येईल? मागचे आसन निघाले, पुढचे एक निघाले, डिकीतील जॅक आणि हत्यारांची पेटी निघाली. सर्वांत शेवटी मामांनी स्वतः दोन्ही हातांनी स्टेपनी, म्हणजे ते जादा चाक, उचलून ओट्यावर ठेवले आणि हात झटकले. गाडीची मागची बाजू उंच झाली. ती खरोखरच पटाच्या बैलासारखी अधीर दिसू लागली. मागचा उजवा टायर रबडिंग केलेला, म्हणजे झिजल्यावर वरून नवीन रबर चढविलेला होता. त्याकडे कोणी पाहिले नाही.

थंडीचे दिवस होते. सूर्य उगवून रस्ता कोरडा झाल्यावर आम्ही जागेवर पोहोचलो. चालकांनी दोन्ही टोकांना आपल्या गाड्या आडव्या लावून रस्ता अडविला. अडलेल्या ट्रकमधली माणसेही तक्रार न करता उतरून कडेला उभी राहिली. दोन्ही गाड्या दगडापाशी शेजारी-शेजारी आल्या. मी मोरीवर, शेवटच्या रेषेवर उभा होतो. दूर मामांनी खांद्यावरचे उपरणे वर धरले आणि खाली टाकले.

भावाच्या इंजिनाचा आवाज असा फुटला की कडेच्या कपाशीतून पाखरे उठली. परंतु गाडी पुढे आली नाही. तिचे मागचे उजवे चाक जागच्या जागी गरगर फिरू लागले. पांढरा धूर उठला, गाडीचा मागचा भाग आडवा सरकला. भाऊ जितका पाय दाबी तितका धूर वाढे. शेजारचा मेंदीच्या दाढीचा गृहस्थ रोज सवाऱ्या नेतो तसा शांतपणे निघून माझ्याजवळून पुढे गेला. भाऊ धुरातून बाहेर पडला तेव्हा पहिला फेरा संपला होता.

ट्रकवाल्यांत आणि थांब्यावरच्या चालकांत हशा उठला.

"अरे, गिरणीचं इंजिन शे का? जागीच फिरस!"

"कापड किती विणलं, भाऊ?"

मी धावत दगडाकडे गेलो. माझ्या वयाच्या आणि पेशाच्या माणसाने असे भर रस्त्यावर धावणे शोभत नाही, पण मी धावलो. डांबरावर एकच काळा पट्टा उमटला होता आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. भाऊ गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला बसला होता. त्याने चपला काढल्या होत्या. 

"उठ," मी म्हणालो. "अजून दोन फेरे आहेत."

तो माझ्याकडे न पाहता बोलला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "आठ सवाऱ्या रहातस तव्हय फिरत नही. कव्हयच नही फिरनं. मंग आज काबर?"  मग त्याने चपला पायांत घातल्या. "भाऊ, हिले वजन पाहिजे. मांगे वजन पाहिजे. मामानी हिले उचली धरेल शे."

अडलेल्या वाहनांत सरकीची पोती भरलेला एक ट्रॅक्टर होता. माझ्या अटीत माणसांना मनाई होती, मालाला नव्हती. तरीही मी रीतीप्रमाणे समोरच्या पक्षाची संमती मागितली. ती त्याच्या बाजूच्या चालकांकडून हसत-हसत मिळाली; थांब्यावर मला सारे नाना म्हणत.

"भरा ना, नाना! ज्याला पळायचं त्याने ओझं घ्यावं, असं तुमच्याच घरात चालतं का?"

"आणखी दोन भर! वरून मामालाही बसव!"

मामा संतापून रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. "मना पटमा असं कव्हय नही व्हयनं," एवढेच ते म्हणाले. पोती मागे चढली, गाडी बसली, चाकाची कमान टायरावर टेकल्यासारखी झाली. मी मोरीवर परतलो आणि या वेळी उपरणे ट्रॅक्टरवाल्याने टाकले. इंजिनाचा आवाज पूर्वीएवढाच झाला, पण चाकाने रस्ता पकडला. थोडे रबर किंचाळले आणि गाडी अशी सुटली की मी मोरीवरून एक पाऊल मागे सरलो. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा दुसरी गाडी बरीच मागे होती. हसणाऱ्यांनी शिट्ट्या वाजविल्या. मी काही वाजविले नाही. माझे दोन्ही हात कठड्यावर होते आणि तेथून निघत नव्हते.

एक-एक झाले. तिसरा फेरा जिंकला की जागा आपली. भाऊ गाडी वळवून आणताना हसत होता. गिरणी बंद झाल्यापासून तसे हसताना मी त्याला पाहिले नव्हते.

गाडी दगडापाशी उभी राहिली आणि मीही मागोमाग तेथे पोहोचलो, तेव्हा तो दुसऱ्या गाडीचा गृहस्थ उतरला, भावाच्या गाडीच्या मागे गेला आणि उजव्या चाकाशी उकिडवा बसला. मग त्याने मला हाक मारली.

"नाना, इकडे या. हे पाहा. नाडी दिसून राहिली."

पहिल्या फेऱ्यात जागच्या जागी फिरून टायराचे वरचे रबर जळून गेले होते. त्याखालचे धागे पांढरे दिसत होते, आणि एका जागी रबडिंगची कड बोटभर उचकटली होती. तो म्हणाला, "या चाकावर आता वजन घेऊन पळाला तर मोरीपर्यंत टिकणार नाही. फुटेल. पुढे काय होईल ते तुम्ही जाणता."

"स्टेपनी?" कोणी तरी विचारले.

स्टेपनी मेहरूणला, आमच्या ओट्यावर होती. मामांनी मान खाली घातली.

तो गृहस्थ आपल्या डिकीकडे गेला, स्वतःची स्टेपनी काढली आणि रस्त्यावर उभी करून एका हाताने धरली. दोन्ही गाड्यांचा सांगाडा एकच, चाक बसत होते. कोणालाही यात नवल वाटले नाही, कारण लाईनीवरचा रिवाजच तो होता. रस्त्यात अडलेल्याला स्टेपनी नाकारायची नाही, मग तो वैरी का असेना. परंतु त्या रिवाजाला दुसरी बाजूही होती आणि ती तेथे उभ्या असलेल्या प्रत्येक चालकाला ठाऊक होती. ज्याची स्टेपनी लावली, ती परत करेपर्यंत त्याच्या गाडीपुढे आपली गाडी काढायची नाही. देणाऱ्याने ती मागायची नाही. घेणाऱ्याने आणून द्यायची.

म्हणजे ते चाक घेणे याचा अर्थ तिसरा फेरा सोडणे असा होता.

भाऊ त्या चाकाकडे पाहत राहिला आणि मग मला म्हणाला, "नको. याच टायरवर पळस."

"फुटेल तो."

"फुटू दे. भाऊ, आते थांबनू ते सकाय उभा कोठे राहू?"

मी अर्जनवीस आहे. समजूत घालणे, विनंती करणे, कारणे दाखविणे हा माझा पेशा आहे. त्या घटकेला मला एकही वाक्य सुचले नाही. एकीकडे तो उचकटलेला टायर होता, दुसरीकडे मेहरूणचा काठ, आणि दोन्हींच्या मधे हा, माझा, आईने जाताना माझ्या हाती दिलेला. कोणताही मार्ग धरला तरी तो माझ्या हातून जातच होता. कोणत्या मार्गाने सावकाश जाईल, एवढीच निवड उरली होती.

मी पुढे होऊन त्या गृहस्थाच्या हातातून चाक घेतले.

घरातील वडील मीच असल्यामुळे माझ्या घेण्याला भावाला नाही म्हणता येईना. त्याने माझ्याकडे पाहिले, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. तिच्यात राग नव्हता. मग तो उकिडवा बसला आणि त्या गृहस्थाच्याच जॅकने चाक बदलू लागला. नट पिळताना त्याचे हात गिरणीतल्यासारखे नेटके चालत होते.

तिसरा फेरा झाला. तो व्हायला नको होता, पण तीन फेरे ठरले होते आणि भाऊ गाडीत जाऊन बसलाच. उपरणे पडले. या वेळी काहीच फिरले नाही, किंचाळले नाही. वजन, टायर, ताकद, सर्व जुळून आले. पल्ल्याच्या मध्यावर त्याच्या गाडीचे नाक दुसऱ्या गाडीच्या नाकाच्या बरोबरीला आलेले मी मोरीवरून स्पष्ट पाहिले. आणखी पाय दाबला असता तर तो निघून गेला असता. तेथे, त्या जागी, इंजिनाचा आवाज एकाएकी उतरला. भावाच्या गाडीचे बॉनेट एक हात मागे पडले आणि शेवटपर्यंत तेवढेच मागे राहिले.

परतताना गाडीत पोती नव्हती, आसने नव्हती. आम्ही पत्र्यावर बसून आलो.  एरंडोल आल्यावर मामा म्हणाले, "बैल ते बैलच शे," आणि उपरण्याने तोंड पुसले.

स्टेपनी मी नेऊन देतो म्हणालो, तर भाऊ म्हणाला, "मी देसू." तो ती देणार नाही हे मला दिसत होते. ती देण्यासाठी त्याला त्याच थांब्यावर जावे लागले असते. मी काही दिवस तलावाकडे नजर ठेवून काढले. तो तलावाकडे गेला नाही. त्याने इंजिन उतरविले, भंगारवाल्याला दिले आणि सुरतेला निघून गेला. तेथे एका मागावर तो काम करतो. पत्र मी लिहितो. माझी पत्रे चांगली असतात. त्याच्या पत्रात प्रकृती ठीक असल्याचे असते.

होळी झाल्यावर, तो आता येत नाही याची खात्री पटली तेव्हा, मी ते चाक एस.टी.च्या टपावर टाकून धुळ्याला नेले. थांब्यावर तो गृहस्थ आपल्या गाडीला टेकून चहा पीत होता. चाक घरंगळवत येणारा मी त्याला दुरून दिसलो. त्याने कप खाली ठेवला आणि माझ्या मागे पाहिले.

"भाऊ कुठाय?"

"सुरतेला. इंजिन विकले त्याने."

 तो चाकावरून हात फिरवीत म्हणाला, "मी वाट पाहत होतो, नाना. म्हटलं, चाक घेऊन येईल तेव्हा सांगू. तिसरा फेरा मी धरलाच नाही. माझ्या चाकावर माझ्या मागे राहिला, त्याला हरला कसं म्हणू? थांब्यावर बठ्ठ्यांना सांगून ठेवलं, जागा दोघांची, एक दिवस तो, एक दिवस मी."

"मग कळवायचे होते," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तुम्ही रोज जळगावला येत होता!"

"येत होतो. कचेरीच्या फाटकासमोरून जात होतो. पण आलो असतो तर लोक म्हणाले असते, स्टेपनी मागायला आला. दिलेली मागत नाहीत, नाना."

रिवाज मला ठाऊक होता. 

परत येताना त्याने मला आग्रहाने आपल्या गाडीत, शेजारी बसविले. मागे सवाऱ्या होत्या. पारोळा मागे पडल्यावर मोरी आली, त्यापुढे मैलाचा दगड, आणि त्यालगत डांबरावर तो काळा पट्टा, उन्हाने फिका झालेला. त्याने गाडी थोडी डावीकडे घेतली.

मागच्या एका सवारीने खिडकीतून त्या पट्ट्याकडे पाहिले. "कोणीतरी जोरात ब्रेक मारेल दिसस," तो म्हणाला.

 मी मागे वळून त्या माणसाला सांगितले, "ब्रेक मारला असता तर दोन पट्टे उमटले असते. हा निघतानाचा आहे."